सुशी खायला जाताना

वीस-पंचवीस वर्षांपूर्वी मध्यमवर्गीय पुणेकर कुटुंब बाहेर जेवायला जाई, ते थाळीसाठी, डोशासाठी किंवा फार झाले तर 'चायनीज'साठी. आज कोरेगाव पार्क, कल्याणीनगर, बाणेर, औंध अशा भागांत जपानी खाद्यगृहे घराजवळ येऊन ठेपली आहेत. नातवाचा वाढदिवस, मुलीची पहिली नोकरी, परदेशातून आलेला भाचा, असे काही निमित्त होते आणि आजी-आजोबांपासून सहा वर्षांच्या नातीपर्यंत सारे कुटुंब सुशीच्या बशीभोवती बसते. त्यानंतर, आणि सुदैवाने पुष्कळदा त्याआधीच, दवाखान्यात प्रश्न येतात. 'कच्चा मासा बाधणार नाही ना?' 'मधुमेह आहे, पण हे काही तळलेले नाही, मग चालेल ना?' 'सूनबाईंना पाचवा महिना आहे, त्यांनी काय मागवावे?' हे तिन्ही प्रश्न योग्य आहेत आणि त्यांची उत्तरे एकसारखी नाहीत. म्हणून आज थोडे विस्ताराने.

सुशी म्हणजे कच्चा मासा नव्हे

पहिला गैरसमज नावाचाच आहे. सुशी म्हणजे शिर्का, साखर आणि मीठ लावलेला आंबटसर भात आणि त्याच्या जोडीला काहीही: मासा, कोळंबी, अंडे, काकडी, मुळ्याचे लोणचे. भाताशिवाय दिलेल्या कच्च्या माशाच्या कापांना 'साशिमी' म्हणतात. समुद्री शेवाळाच्या कागदासारख्या पापुद्र्यात, म्हणजे 'नोरी'त, गुंडाळलेली ती 'माकी'. भाताच्या मुटक्यावर माशाचा काप ठेवलेली ती 'निगिरी'.

या पदार्थाचा उगम चोचल्यात नाही, टिकवणुकीत आहे. पूर्वी मासा मिठात घालून शिजवलेल्या भातात महिनोन्‌महिने दाबून ठेवीत. भात आंबे, त्या आंबटपणामुळे मासा टिके. मग भात टाकून मासा खात. जपानमधील बिवा सरोवराच्या परिसरात ही जुनी पद्धत आजही जिवंत आहे. पुढे आंबवण्याऐवजी शिर्का आला आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, हाताने वळलेली निगिरी रस्त्यावरचे झटपट खाणे म्हणून लोकप्रिय झाली. आपल्या किनाऱ्यावर सुकट-बोंबील उन्हात वाळवून टिकवले, त्यांनी भातात आंबवून टिकवले, गरज एकच.

पुण्याला जपान तसा परका नाही. सिंहगड रस्त्यावरील पु. ल. देशपांडे उद्यान हे ओकायामा शहरातील कोराकुएन बागेच्या धर्तीवर घडवलेले आहे. चाकण-तळेगावच्या कारखान्यांमुळे जपानी कुटुंबे येथे राहतात आणि जपानी भाषा शिकणारी मुले तर घरोघरी सापडतात. तेव्हा ही चव येथे रुजणार, हे गृहीत धरावे आणि ती जाणतेपणाने घ्यावी.

कच्च्या माशाचा धोका नेमका कोणता?

धोके तीन आणि तिघांचे स्वभाव वेगळे.

पहिला कृमींचा. 'अ‍ॅनिसाकिस' नावाची सुतासारखी अळी अनेक समुद्री माशांत असते. ती जिवंत पोटात गेली तर जठराच्या अस्तरात तोंड खुपसते आणि काही तासांतच पोटात असह्य कळा सुरू होतात. दुर्बिणीतून ती अळी काढणे हाच खात्रीचा उपाय. शिर्का, लिंबू किंवा झणझणीत वासाबी यांनी ही अळी मरत नाही. ती मरते उष्णतेने किंवा कडक गोठवणीने. उणे २० अंश सेल्सिअसला ७ दिवस किंवा पूर्ण गोठल्यावर उणे ३५ अंशांना १५ तास, असा अमेरिकेतील नियामकांचा दंडक आहे. म्हणून 'आमचा मासा आजच आला, अगदी ताजा आहे' हे वाक्य सुशीच्या बाबतीत दिलासा देणारे नाही. 'आमचा मासा गोठवलेला असतो' हे उत्तर अधिक आश्वासक. पुण्यात ताजेपणाची सवय आपल्याला इतकी आहे की हे उलटे वाटेल, पण शास्त्र असेच आहे.

दुसरा धोका जिवाणूंचा. १९५० साली ओसाका परिसरात अर्धवट सुकवलेल्या लहान माशांतून मोठी विषबाधा झाली. २७२ जण आजारी पडले आणि २० दगावले. त्या तपासात डॉ. फुजिनो यांनी जो जिवाणू शोधला, तो आज 'व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस' म्हणून ओळखला जातो. खारे पाणी आणि ऊब मिळाली की तो झपाट्याने वाढतो. थंडीत त्याची वाढ खुंटते. म्हणजे बोटीपासून बशीपर्यंत शीतसाखळी अखंड राहिली पाहिजे. गोठवणीने कृमी मरतात, पण सगळे जिवाणू मरत नाहीत, हेही लक्षात असावे.

तिसरा धोका हिस्टामिनचा. कुपा (ट्यूना), बांगडा यांसारखे मासे पुरेसे थंड न ठेवल्यास त्यांत हिस्टामिन तयार होते आणि ते शिजवूनही नष्ट होत नाही. खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोनेक तासांत चेहरा लाल होतो, डोके ठणकते, छातीत धडधडते, अंगावर पित्त उठते. रुग्णाला वाटते, आपल्याला माशाची अ‍ॅलर्जी झाली. पुष्कळदा दोष मासा साठवणाऱ्याचा असतो.

भाताकडे दुर्लक्ष नको

मासा घाबरवतो, भात घाबरवत नाही. पण शिजवून तासन्‌तास बाहेर ठेवलेल्या भातात 'बॅसिलस सेरियस' हा जिवाणू विष तयार करतो आणि मग उलट्या सुरू होतात. सुशीच्या भातातील शिर्का केवळ चवीसाठी नसतो. त्याची आम्लता योग्य असली तर हा जिवाणू वाढत नाही. शिर्का कमी घालून भात 'आपल्या चवीचा' करणारे खाद्यगृह नकळत ही तटबंदी पाडत असते.

मधुमेही वाचकांनो, आता तुमच्यासाठी. जाड रोलच्या ८ तुकड्यांत साधारण १ वाटी शिजवलेला पांढरा भात असतो. त्यात साखर मिसळलेली असते. दोन रोल म्हणजे दोन वाट्या भात. पण तुकडे छोटे, बशी देखणी, त्यामुळे मोजदाद राहत नाही. घरी इंद्रायणीचा भात अर्धी वाटी वाढून घेणारे आजोबा येथे दोन वाट्या सहज संपवतात. उपाय अवघड नाही. एकच रोल घ्यावा, सोबत उकडलेल्या सोयाबीनच्या शेंगा (एदामामे), भाजलेला मासा किंवा टोफू घ्यावा. 'टेम्पुरा' आणि 'क्रिस्पी' हे शब्द दिसले की ते तळण समजावे. 'स्पायसी' म्हणून मिळणाऱ्या रोलमध्ये बहुधा मेयोनीज असते.

रक्तदाबाच्या रुग्णांसाठी सोया सॉस हा खरा विषय. एका मोठ्या चमच्यात सुमारे ९०० मिलिग्रॅम सोडियम असते आणि जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सांगितलेली दिवसाची मर्यादा २००० मिलिग्रॅमपेक्षा कमी आहे. त्याशिवाय भातात मीठ, आल्याच्या लोणच्यात मीठ, मिसो सूपमध्ये मीठ. जपानी रीत अशी की निगिरी उलटी करून माशाची कड सॉसला जेमतेम टेकवावी, भात बुडवू नये. ही रीत शिष्टाचाराची आहे आणि हृदयाच्या हिताचीही. आल्याचे काप दोन घासांमध्ये तोंड स्वच्छ करण्यासाठी असतात, कोशिंबिरीसारखे वाढून घेण्यासाठी नव्हेत. काड्या जमत नसतील तर संकोच नको. सुशी हाताने खाणे जपानातही मान्य आहे.

कोणी कच्चे खाऊ नये?

गर्भवती स्त्रिया, लहान मुले, वृद्ध, कर्करोगाचे उपचार घेणारे, अवयव प्रत्यारोपण झालेले, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणारे आणि यकृताचा जुनाट आजार असलेले, या सर्वांनी कच्चा मासा आणि कच्चे शिंपले टाळावेत. येथे मी 'थोडेसे चालेल' असे म्हणणार नाही. गरोदरपणात लिस्टेरियाचा संसर्ग आईला किरकोळ तापासारखा वाटतो, पण गर्भाच्या जिवावर बेतू शकतो. यकृताच्या रुग्णांत कच्च्या शिंपल्यांतील व्हिब्रिओ कुळातील जिवाणू रक्तात शिरून प्राणघातक ठरू शकतो. मोठ्या ट्यूनासारख्या माशांत पारा साचतो, तोही गर्भाला हानिकारक.

पण म्हणून सूनबाईंना घरी ठेवायचे कारण नाही. शिजवलेली कोळंबी, भाजलेली ईल, अंड्याचे ऑम्लेट, काकडी, ॲव्होकाडो यांची सुशी मिळते. एकच सांगावे की ती कच्च्या माशापासून वेगळ्या फळीवर, वेगळ्या सुरीने करून द्या.

शाकाहारी कुटुंबांनी मिसो सूपविषयी आवर्जून विचारावे. त्याचा आधाररस बहुधा सुकवलेल्या माशाच्या किसापासून करतात. वर मासा दिसत नाही म्हणून ते शाकाहारी ठरत नाही. सोया सॉसमध्ये सहसा गहू असतो, हे सिलिअॅक रुग्णांनी ध्यानात ठेवावे. खेकड्याच्या नावाने मिळणाऱ्या कांड्या बहुतेकदा माशाच्या लगद्याच्या असतात. त्यांत गहू आणि अंडेही असू शकते.

पाहावे, विचारावे, मग मागवावे

खाद्यगृहात अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी परवाना क्रमांक दर्शनी लावलेला आहे का, ते पाहावे. मासा थंड कपाटात आहे की काउंटरवर उघडा, तेही पाहावे. कच्चा मासा गोठवलेला होता का, हे नम्रपणे विचारावे. चांगला आचारी या प्रश्नाने दुखावत नाही. माशाला उग्र वास असेल तर पैसे वाया गेले तरी चालतील, घास गिळू नये.

पाण्याचाही विचार करावा. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता परिसरात गिया-बारे आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा काही रुग्णांच्या शौच नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जिवाणू आढळला होता. दूषित पाणी आणि नीट न शिजवलेले चिकन हे त्याचे नेहमीचे मार्ग. रोलमधली काकडी कोणत्या पाण्याने धुतली, हाही म्हणून माशाइतकाच महत्त्वाचा प्रश्न आहे.

एप्रिल-मेच्या उन्हात कच्च्या माशाची सुशी दुचाकीवरून घरपोच मागवू नये. मागवलीच तर शिजवलेल्या प्रकारांची मागवावी आणि लगेच संपवावी; उरलेली दुसऱ्या दिवशीच्या डब्यात नको. तसेच मंडईतून आणलेल्या सुरमईची किंवा रोहूची कच्ची सुशी घरी करू नये. घरच्या फ्रीजरची थंडी कृमी मारण्याइतकी भरवशाची नसते आणि गोड्या पाण्यातील कच्च्या माशांतून यकृतातील कृमींचा संसर्ग होऊ शकतो. मुलांना हौस असेल तर इंद्रायणीचा चिकट भात, शिर्का, काकडी, गाजर आणि नोरी घेऊन शाकाहारी माकी वळू द्यावी. दुपार आनंदात जाईल.

जेवणानंतर पोटात तीव्र कळ, वारंवार उलट्या, शौचातून रक्त, ताप, धाप किंवा ओठ-जिभेला सूज आली तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये. धाप आणि सूज असल्यास थेट रुग्णालय गाठावे. डॉक्टरांना 'बाहेरचे खाल्ले' एवढेच सांगू नका. काय खाल्ले, कच्चे की शिजवलेले, आणि किती वाजता, हे तिन्ही सांगा. निदानाचा निम्मा रस्ता त्या उत्तरांनी पार होतो.