यादीत नसलेला महाराष्ट्र

हरित न्यायाधिकरणाविषयी या आठवड्यात लिहायचं कबूल केलं होतं. ते पुढच्या खेपेला. खांबहून एक पत्र आलं आहे आणि ते बाजूला ठेवून दुसरं काही लिहावंसं वाटेना.

खांब म्हणजे मुंबईहून गोव्याकडे निघालं की सुकेळी खिंडीनंतर, कोलाडच्या अलीकडे लागणारं गाव. पत्र लिहिणारी मुलगी एलएलबीला आहे. ती विचारते, ‘पर्यावरण कायद्याचं कुठलंही पुस्तक उघडलं की पहिल्या प्रकरणात स्टॉकहोम. आमच्याकडे कुंडलिका आहे, धाटावची एमआयडीसी आहे. आमच्या नदीच्या कायद्याचा स्टॉकहोमशी काय संबंध?’

फार मोलाचा प्रश्न आहे. त्याचं उत्तर कायद्यांच्या उद्देशिकांमध्ये आहे, आणि विद्यार्थी नेमक्या त्याच ओलांडून पुढे जातात.

पाणी हा आपल्या घटनेत राज्यसूचीतला विषय, १७ व्या क्रमांकाचा. त्यावर संसदेला एरवी परस्पर कायदा करता येत नाही. दोन किंवा अधिक राज्यांच्या विधिमंडळांनी तसे ठराव केले, तर कलम २५२ प्रमाणे संसद त्यांच्यासाठी कायदा करते. इतर राज्यं मागाहून ठराव करून तो स्वीकारू शकतात. १९७४ चा जलप्रदूषणाचा कायदा असा झाला. १९८१ चा हवेचा कायदा आणि १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा यांची वाट वेगळी. त्यांच्या उद्देशिकेत जून १९७२ च्या स्टॉकहोम परिषदेचा स्पष्ट उल्लेख आहे, कारण आंतरराष्ट्रीय परिषदेतले निर्णय अमलात आणण्यासाठी कलम २५३ संसदेला अधिकार देतं. म्हणजे हवेचा कायदा स्टॉकहोमहून आला आणि पाण्याचा राज्यांकडून.

आता माझी एक आठवण. विद्यार्थी असताना जल कायद्यातली ठराव करणाऱ्या राज्यांची यादी मी बोट ठेवून वाचत होतो. आसाम, बिहार, गुजरात… इंग्रजी अक्षरक्रमानं चाललेली बारा नावं. मध्य प्रदेश आलं आणि त्यानंतर एकदम राजस्थान. महाराष्ट्र नाहीच! आपलं राज्य मागे राहिलं, या समजुतीनं मी खट्टू झालो. पुढे कळलं ते अगदी उलट होतं. महाराष्ट्रानं १९६९ मध्येच जलप्रदूषण रोखणारा स्वतःचा कायदा केला होता आणि ७ सप्टेंबर १९७० रोजी त्याखाली मंडळही स्थापन झालं होतं. केंद्राचा कायदा आपण स्वीकारला तो थेट १ जून १९८१ ला. स्टॉकहोमची परिषद भरली, तेव्हा आपलं मंडळ काम करत होतं. त्या दिवसापासून हा विषय मला परका वाटला नाही.

उद्देशिका झाली की व्याख्या वाचाव्यात. जल कायद्याच्या कलम २ मधली ‘प्रवाह’ या शब्दाची व्याख्या तर पाठच असावी. प्रवाहात नदी येते आणि जलमार्गही येतो. तो वाहता असो वा त्या वेळेपुरता कोरडा असो. सह्याद्रीच्या पायथ्याच्या माणसाला यातलं मर्म लगेच कळेल. आषाढात ज्या ओढ्यात पाऊल टाकवत नाही, त्यात चैत्रात नुसते धोंडे आणि करंजाचा पाचोळा. अशा कोरड्या पात्रात कुणी रात्री टँकर रिकामा केला, तर ‘तिथं पाणीच नव्हतं’ ही सबब चालत नाही. कायद्याच्या लेखी तो प्रवाहच आहे, आणि कलम २४ ची मनाई त्याला लागू आहे.

म्हणून त्या मुलीला एवढंच सांगतो. बेअर ॲक्ट हातात घे आणि या व्याख्येतल्या प्रत्येक शब्दासमोर पेन्सिलीनं आपल्या मुलखातलं नाव लिही. नदी: कुंडलिका. कोरडा जलमार्ग: तुझ्या घरामागचा ओढा. नैसर्गिक वा कृत्रिम पाणी: गावतळं आणि डोलवहालच्या बंधाऱ्यावरून निघणारे कालवे. भूगर्भातलं पाणी: विहिरीचे झरे. भरतीचं पाणी सरकार अधिसूचनेनं ठरवेल तिथवर येतं. तिथे रेवदंड्याची खाडी लिही. सगळा समास तुझ्या ओळखीच्या नावांनी भरेल. मग स्टॉकहोमचं प्रकरण वाचायला घे.

पुढच्या आठवड्यात हरित न्यायाधिकरण.