क्लाव्हाची शिलास्मारके

स्कॉटलंडच्या उत्तर भागात, इन्व्हर्नेस शहराच्या पूर्वेस, नेर्न नदीच्या खोऱ्यात क्लाव्हा नावाचे एक स्थळ असून, 1746 साली स्टुअर्ट घराण्याच्या पक्षाचा निर्णायक पराभव जेथे झाला ती कलोडनची रणभूमी तेथून फार दूर नाही. त्या लढाईचा तपशील लष्करी दप्तरांत बारकाईने नमूद आहे, पण क्लाव्हा येथे सुमारे चार हजार वर्षांपूर्वी दगडांच्या तीन प्रचंड राशी रचून त्यांत आपले मृत ठेवणाऱ्या लोकांनी स्वतःविषयी एक अक्षरही मागे ठेवलेले नाही.

अक्षर नसले, तरी रचना पुष्कळ सांगून जाते. प्रत्येक राशीभोवती उभ्या शिलांचे वर्तुळ आहे. मधल्या राशीला प्रवेशमार्ग नाही, दोन्ही टोकांच्या राशींना मात्र एकेक अरुंद बोळ असून तो आतील वाटोळ्या दालनात उतरतो. आज छत ढासळल्यामुळे प्रवासी ताठ मानेने आत शिरतो; मूळच्या बांधणीत त्याला पाठ वाकवूनच जावे लागले असते. हे दोन्ही बोळ नैर्ऋत्येस उघडतात, आणि वर्षातील सर्वांत लहान दिवशी, हिवाळ्याच्या ऐन मध्यावर, मावळत्या सूर्याचा किरण त्यांतून थेट मागील भिंतीपर्यंत पोहोचतो. त्याच बाजूच्या शिला सर्वांत उंच असून ईशान्येकडे त्या क्रमाने ठेंगण्या होत जातात. तांबूस दगडही मावळतीच्या अंगाला विशेष योजलेले आहेत. केवळ प्रेते झाकण्यासाठी इतका खटाटोप कोणी करीत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

एकोणिसाव्या शतकात हे ड्रुइड पुरोहितांचे देवस्थान होय अशा समजुतीने येथे झाडे लावण्यात आली. वस्तुतः ड्रुइडांचा काळ दोन हजार वर्षे अलीकडचा. झाडांची सावली सुखद आहे, एवढे त्या गैरसमजाच्या पदरात घालावे!

क्लाव्हाच्या काही शिलांवर वाटीसारखे खळगे कोरलेले दिसतात. अशा स्कॉटिश खळग्यांवर, क्लोरोफॉर्ममुळे ख्यातनाम झालेले एडिंबरोचे वैद्य जेम्स सिम्सन यांनी ग्रंथ लिहिला होता. आणि मध्य प्रांतातील मुलकी अधिकारी रिव्हेट-कार्नाक यांना नागपूरजवळील जुनापाणीच्या शिलावर्तुळांवर तशाच खुणा आढळल्या, तेव्हा दोन्हींचे साम्य पाहून ते चकित झाले. तथापि त्यावरून नाते जोडणे धाडसाचे ठरेल, कारण विदर्भातील वर्तुळांत लोखंडाची हत्यारे निघतात, आणि क्लाव्हाच्या राशी रचल्या गेल्या तेव्हा स्कॉटलंडात लोखंड कोणी पाहिलेही नव्हते.