मुख्याध्यापकाचे अधिकार व शाळेचा आराखडा

‘वरून आदेश आलेला नाही’ हे उत्तर शाळाभेटीच्या वेळी वारंवार कानी पडते. यास्तव मुख्याध्यापकाच्या हाती नेमके काय आहे, याचा विचार करणे अगत्याचे आहे.

कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेल्या राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, ते दरबारच्या हुकमाने. पुढे १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा स्थापन झाल्या व शाळांचा कारभार जिल्ह्याच्या लोकप्रतिनिधींकडे आला. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्याने त्यापुढील पाऊल टाकले. प्रत्येक शाळेस व्यवस्थापन समिती मिळाली. तीत किमान तीन-चतुर्थांश सभासद पालक व निम्म्या स्त्रिया असाव्यात, असा दंडक आहे. मुख्याध्यापक हा तिचा सदस्य-सचिव होय.

नेमणुका, बदल्या व शालेय वर्षाचे वेळापत्रक ठरविणे मुख्याध्यापकाच्या हाती नाही, हे खरे. तथापि शाळेचा विकास आराखडा तयार करणे व अनुदानाच्या विनियोगावर लक्ष ठेवणे हे समितीचे काम आहे. शासनाने व स्थानिक संस्थेने द्यावयाच्या अनुदानास हाच आराखडा आधारभूत मानावा, असे कलम २२ सांगते. म्हणजे मागणीचा आरंभ शाळेतूनच व्हावयाचा आहे.

एका शाळेत दुसरीचा वर्ग गळत होता. मुले पावसाळाभर ओसरीवर बसली. ‘वर तोंडी सांगितले आहे,’ असे गुरुजी म्हणाले. समितीचे इतिवृत्त व आराखडा पाहिला, तो दोहोंतही त्या छपराचा उल्लेख नव्हता. आराखडा मागील वर्षीचाच उतरवून काढलेला होता. कायद्याने दिलेला अधिकार असा दप्तरातच पडून राहिला आणि त्याची झळ लहान मुलांना लागली.

तेव्हा सभा केवळ सह्यांपुरती भरवू नये. पालकांना वर्ग दाखवावेत. मातांना बोलते करावे. उणिवा अग्रक्रमाने आराखड्यात लिहाव्यात. ठराव करून तो केंद्रप्रमुखांमार्फत पंचायत समितीकडे पाठवावा व त्याची पोच जपून ठेवावी. सर्वच मागण्या मान्य होतील असे नाही. परंतु लेखी ठरावास उत्तर मागता येते, तोंडी गाऱ्हाण्यास ते मागता येत नाही.

अधिकार मोठा नसेल. पण जो आहे तो मुलांसाठी वापरणे, हेच मुख्याध्यापकाचे खरे स्वातंत्र्य होय.