अर्ध्या तासाचा परदेश

भूतानमधील ‘हा’ नावाच्या खोऱ्यात भारतीय लष्कराचे प्रशिक्षण पथक १९६२ पासून आहे. यजमानांची तिथे बदली झाली तेव्हा पनवेलच्या नातलगांना वाटले, बाई फॉरेनला निघाली! पण हा कसला परदेश? आपला रुपया चालतो, घड्याळ फक्त अर्धा तास पुढे. सुमारे २७०० मीटर उंचीवर पाणी ९१ अंशांच्या आसपासच उकळते. कुकरवाचून डाळ शिजत नाही. तेही जमले. जमले नाही ते एकच. पनवेलची शिक्षिकेची नोकरी सोडून गेलेल्या मला तिथेही सारे ‘मॅडम’च म्हणत, पण ते नवऱ्याच्या हुद्द्यावरून. बदलीचा हुकूम एकाच्या नावे निघतो, राजीनामा मात्र दुसऱ्याने द्यायचा असतो. सैनिकाची वर्षे पेन्शनमध्ये मोजली जातात. त्याच्या बायकोची वर्षे कुठल्या वहीत मांडायची?