कोकणच्या राईतील गायक : कस्तूर आणि दयाळ

रत्नागिरी जिल्ह्यातील मालगुंड हे गाव आधुनिक मराठी कवितेचे प्रवर्तक केशवसुत यांचे जन्मस्थान म्हणून सर्वपरिचित आहे. त्यांचे स्मारक येथे १९९४ मध्ये खुले झाले. कवीच्या या परिसरातील आमराया, पोफळीच्या बागा आणि जांभ्या दगडाच्या टेकड्या हा कोकणातील गाणाऱ्या पक्ष्यांचाही मुलूख होय. त्यांत कस्तूर आणि दयाळ हे अग्रगण्य समजले जातात.

शीळकरी कस्तूर

सुमारे २५ सेंटिमीटर लांबीचा हा पक्षी दुरून काळा दिसतो; परंतु कपाळावर व खांद्यांवर चकचकीत निळा रंग असतो. नर व मादी सारखीच दिसतात. सह्याद्रीच्या उतारावरील दाट झाडीतले ओढे व पऱ्ये हे त्याचे मुख्य वसतिस्थान. किडे, गोगलगाई, लहान खेकडे व बेडूक हे त्याचे अन्न असून भक्ष्य खडकावर आपटून तो खातो. पावसाळ्यात पहाट होण्यापूर्वीच त्याची शीळ सुरू होते. ती माणसाच्या शिळेसारखी भासते. म्हणूनच इंग्रजीत त्यास ‘शीळ घालणारा शाळकरी मुलगा’ असे गमतीचे नाव पडले. ओढ्याकाठच्या खडकाच्या कपारीत मुळे, शेवाळ व चिखल यांचे वाटीसारखे घरटे करून मादी त्यात २ ते ४ अंडी घालते.

नारिंगी कस्तूर

डोके व पोट नारिंगी, पाठ निळसर करडी आणि गळा पांढरा असा हा देखणा पक्षी राईच्या सावलीत जमिनीवर वावरतो. चोचीने पातेरा उलथून तो किडे व गांडुळे शोधतो. मृगाच्या सरींबरोबर त्याच्या विणीस जोर येतो. पातेरा हेच त्याचे कोठार असल्याने तो पूर्णपणे झाडून नेला किंवा जाळला, तर ऐन पिलांच्या दिवसांत त्याचे अन्न नाहीसे होते.

दयाळ

काळ्यापांढऱ्या रंगाचा, शेपटी उभारून चालणारा दयाळ घराच्या परसातही येतो. मार्च ते जुलै या विणीच्या काळात नर झाडाच्या शेंड्यावरून दीर्घकाळ गातो व इतर पक्ष्यांच्या आवाजाची नक्कलही करतो. घरटे झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीच्या भोकात असते. पूर्वी दयाळ व शीळकरी कस्तूर यांची गणना कस्तुरांच्या कुळात होई. आता शास्त्रज्ञ त्यांना माशीमार कुळात घालतात.

ढोलीचे मोल

उत्तर अमेरिकेतील निळे पक्षी, म्हणजे ‘ब्ल्यूबर्ड’, कस्तुरांच्याच कुळातले असून तेही ढोलीत घरटे करतात. विसाव्या शतकात जुनी झाडे कमी झाली आणि युरोपातून आणलेल्या चिमण्या व स्टार्लिंग पक्ष्यांनी उरलेल्या ढोल्या बळकावल्या. परिणामी त्यांची संख्या फार घटली. पुढे नागरिकांनी शेताच्या कुंपणांवर लाकडी पेट्यांच्या रांगा लावल्या, तेव्हा ती पुन्हा वाढली. यातून घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे : घरट्याची जागा गेली की पक्षी जातो, ती दिली की परत येतो.

गावपातळीवरील कर्तव्य

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ या कायद्याने हे पक्षी पकडणे किंवा पिंजऱ्यात ठेवणे निषिद्ध आहे. परंतु केवळ कायद्याने पक्षी टिकत नाहीत. जैवविविधता अधिनियम, २००२ अन्वये ग्रामपंचायतीने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापून लोक जैवविविधता नोंदवही ठेवावयाची असते. तीत देवराया, ढोलीची जुनी झाडे व बारमाही पऱ्ये यांची नोंद अवश्य व्हावी. भाजवळीसाठी पातेरा नेताना राईतील काही भाग तसाच राखावा. आंब्यावरील फवारणी गरजेपुरती व शिफारशीनुसारच असावी. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकरवी पहिली शीळ केव्हा ऐकू आली याची वर्षानुवर्षे टिपणे ठेवावीत. अशी टिपणे साठत गेली, म्हणजे गावातील राई सुस्थितीत आहे की विरळ होत चालली आहे, हे ग्रामसभेला वेळीच उमगेल.