अनुस्वार दिसला तर लेन्स घ्या

फेब्रुवारीत परभणीत तुराबुल हक दर्ग्याचा उरूस भरतो. संध्याकाळी दिवे लागले, की फिल्म कॅमेरा गळ्यात अडकवून हिंडणाऱ्याची पंचाईत सुरू होते. डोळ्यांना झगमगाट वाटतो, पण 400 आयएसओच्या रोलला तो उजेड तोकडाच. समजा, एफ/4च्या टेलिफोटोवर मीटरने सेकंदाचा साठावा भाग दाखवला. 135 मिमीची लेन्स हातात धरून एवढ्या सावकाश शटरला फोटो काढला, तर तो हललाच म्हणून समजा. जुना ठोकताळा असा, की लेन्स जेवढ्या मिलिमीटरची, सेकंदाचा साधारण तेवढावा भाग तरी शटर हवं, इथे 1/125. एफ/2.8ची लेन्स दुप्पट उजेड आत घेते आणि साठाचे सव्वाशे करून देते. या एका स्टॉपसाठीच ‘फास्ट’ लेन्सला जास्तीचे पैसे पडतात.

कॅमेरा कंपनीची स्वतःची फास्ट टेलिफोटो परवडत नाही, म्हणून नजर थर्ड-पार्टी लेन्सकडे वळते: व्हिविटार, टॅमरॉन, टोकिना, सोलिगॉर. यांतलं व्हिविटारचं प्रकरण मोठं गमतीचं आहे. हे लेबल कॅलिफोर्नियातल्या पाँडर अँड बेस्ट या 1938च्या व्यापारी पेढीचं. लेन्स मात्र जपानातल्या निरनिराळ्या कारखान्यांत बनत. सीरियल नंबरचे पहिले दोन आकडे पाहिले, की बहुतेक वेळा कारखाना कळतो: 22 म्हणजे किनो प्रिसिजन, 28 म्हणजे कोमिने, 37 म्हणजे टोकिना. रिंगवरचं नाव तेच, पोटातली काच वेगळी. त्यामुळे ‘व्हिविटार चांगली का?’ या प्रश्नाला काही अर्थ उरत नाही. समोर आलेला नग कसा आहे, एवढंच विचारायचं.

आता आकडा. 135ला 2.8ने भागलं तर 48 येतात. म्हणजे उजेडाची वाट सुमारे 48 मिमी रुंद. व्हिविटार सिरीज-1 मालिकेतली 135 मिमी एफ/2.3 घेतली, तर ती जवळजवळ 59 मिमी होते. वाट रुंदावली, की काचेच्या कडेने येणारे किरण वाढतात, आणि मधल्या किरणांशी नेमक्या एका बिंदूत जुळायला तेच कुरकुरतात. हे गोलीय विपथन. त्यात निळा-जांभळा प्रकाश तांबड्यापेक्षा वेगळ्या अंतरावर एकवटतो, त्याची भर. सगळं अ‍ॅपर्चर उघडलं, की चित्रावर दुधाळ पापुद्रा येतो तो यामुळेच. एफ/5.6ला जवळपास प्रत्येक लेन्स गुणी वाटते. तिथे घेतलेली परीक्षा परीक्षाच नव्हे.

शिवाय फोकस. 135 मिमी, एफ/2.8 आणि तीन मीटरवर माणूस, एवढं धरलं तर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम आठ सेंटिमीटर खोल असतो. डोळा टिपला तर कान सुटतो. व्ह्यूफाइंडर उजळ मिळतो, हा मात्र फास्ट लेन्सचा खरा फायदा; अंधारात फोकस लावणं सोपं जातं.

माउंटचा घोळ वेगळाच. जुन्या पेंटॅक्स आणि झेनिट कॅमेऱ्यांचा एम-42 माउंट 42 मिमीचा आणि 1 मिमी आट्यांचा. टी-माउंटही 42 मिमीचाच, पण आटे 0.75 मिमीचे. दिसायला जुळी भावंडं. जबरदस्तीने पिळलं तर बॉडीचे आटे गेलेच. एम-42ची लेन्स साध्या अ‍ॅडॅप्टरने निकॉनवर चढवणाऱ्यांनी आणखी एक हिशेब करावा. एम-42मध्ये माउंटपासून फिल्मचं अंतर 45.46 मिमी, निकॉनमध्ये 46.5. फरक मिलिमीटरभराचा, पण तेवढ्याने 135ची लेन्स सतरा-अठरा मीटरपलीकडे फोकसच होत नाही. अ‍ॅडॅप्टरची जाडी धरली तर त्याहून अलीकडेच अडते. येलदरी धरणाच्या काठावर उभं राहून पलीकडचा किनारा व्ह्यूफाइंडरात पाहिला, की ही गोष्ट रोल न घालताही ध्यानात येते.

बाकीची परीक्षा घरच्या सावलीतल्या भिंतीवर होते. उन्हात नको, पेंटॅक्स के-1000चं शटर 1/1000पुढे जात नाही आणि अ‍ॅपर्चर पूर्ण उघडलं तर निगेटिव्ह काळी होईल. भिंतीवर मराठी वर्तमानपत्राची कात्रणं चिकटवावीत, चौकटीच्या मध्ये एक आणि चार कोपऱ्यांत चार. कॅमेरा ट्रायपॉडवर, तीन मीटरवर, भिंतीला अगदी समांतर. प्रत्येक अ‍ॅपर्चरला दोन फोटो, दर वेळी फोकस नव्याने लावून, आणि वहीत नोंद. या अंतरावर चित्र सुमारे एकविसावा भाग होतं, म्हणजे बातमीतलं दोन मिलिमीटरचं अक्षर निगेटिव्हवर मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढं.

दहापट भिंगातून मग अनुस्वार शोधावा. छापलेला ठिपका 0.3 मिमीचा धरला, तर निगेटिव्हवर तो 0.014 मिमीचा उरतो. एफ/2.8लाही तो शिरोरेषेपासून सुटा दिसला, तर लेन्स उत्तम. देवनागरी आणखी एक काम करते. चौकटीच्या डाव्या-उजव्या कडेला शिरोरेषा कोरीव आणि काने मात्र पुसट, किंवा याच्या उलट दिसलं, तर तो दृष्टिवैषम्याचा दोष. एकच कोपरा विरघळलेला आणि बाकीचे तीन ठीक असतील, तर आतली काच सरकलेली आहे. अशी लेन्स फुकट मिळाली तरी नको. ब्लॅक-अँड-व्हाइट रोलवर सगळंच किंचित मऊ वाटत असेल, तर पिवळा फिल्टर लावून पाहावा. निळा उजेड अडला, की कित्येक म्हाताऱ्या लेन्स टवटवीत होतात.

काचेमागून टॉर्च मारायला विसरू नये. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले, तर ती बुरशी. मराठवाडा कोरडा खरा, पण पावसाळाभर कातडी केसमध्ये कोंडलेल्या लेन्सला तेवढा ओलावा पुरतो, आणि मुरलेली बुरशी कोटिंग खाऊन टाकते. अ‍ॅपर्चरची पाती तेलकट असतील, तर ती वेळेवर मिटत नाहीत.

ऊटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ रोल इतिहासजमा झाला. आता रोल म्हणजे परदेशी आणि महाग. त्यामुळे भिंतीवरच्या पेपरासाठी तो खर्च करणं जिवावर येतं. तरीही करावा. आणि निवड करायचीच झाली तर 135 मिमी एफ/2.8 घ्यावी, एफ/2.3ची तिच्या निगेटिव्ह पाहिल्याशिवाय घेऊ नये. विकणारा एक रोल काढून पाहू देत नसेल, तर दुसरा विक्रेता गाठावा.