हात बसलाय, आता कागदही मिळवा

आपल्यातली कितीतरी मुलं शाळा सुटली की उस्तादाच्या हाताखाली गाडीकाम शिकतात. हात बसतो, पण कागद नसतो. मग कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये किंवा आखातातल्या नोकरीसाठी गाडी अडते.

सरळ रस्ता आयटीआयचा. दहावी पास मुलासाठी मोटार मेकॅनिक व्हेईकलचा कोर्स 2 वर्षांचा, डिझेल मेकॅनिकचा 1 वर्षाचा. अर्ज ऑनलाइन भरायचा. परीक्षा पास झाल्यावर राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळतं. पुढे अप्रेंटिसशिप केली तर स्टायपेंडही मिळतो.

जो आधीच गॅरेजात कामाला आहे, त्यानं ‘आरपीएल’ची चौकशी करावी. यात येत असलेल्या कामाचीच परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देतात.

उस्तादाकडचं शिकणं सोडू नका, पण दहावीचा निकाल लागताच आयटीआयचा फॉर्म भरा.